कायद्यातील ‘अल्प प्रमाण’ आणि श्रद्धावंताची सीमा

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी विचारला. जुमाच्या नमाजनंतर एका महाविद्यालयीन युवकाने विचारला, एका निकाहच्या मजलिसीत कापडाचा व्यापार करणाऱ्या गृहस्थांनी विचारला, आणि एका मातेने पडद्याआडून रडत रडत विचारला. शब्द निराळे होते, मथितार्थ एक होता : मौलाना, एक किलोपर्यंत गांजा जवळ बाळगण्याची कायद्यानेच मुभा दिली आहे असे मुले सांगतात, मग दोन-चार पुड्यांसाठी एवढा आकांत कशाला? युवकाच्या बोलण्यात वादाची खुमखुमी होती, व्यापाऱ्याच्या बोलण्यात कुतूहल होते. मातेच्या प्रश्नात मात्र विनवणी होती. मी ‘होय’ म्हणावे, म्हणजे निदान त्या रात्री तिला झोप लागेल, अशी तिची अपेक्षा असावी. मला तसे म्हणता आले नाही. का म्हणता आले नाही, ते येथे सविस्तर मांडतो, कारण हा गैरसमज आता मोमिनपुऱ्याच्या गल्ल्यांपासून कॉलेजच्या कट्ट्यांपर्यंत पसरला आहे आणि त्याची किंमत घरेच्या घरे मोजत आहेत.

प्रथम कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. आपल्या देशात १४ नोव्हेंबर १९८५ पासून ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ लागू आहे. वर्तमानपत्रे त्याला एनडीपीएस कायदा म्हणतात. या कायद्याच्या कलम ८ अन्वये गांजा व चरस बाळगणे, विकणे, विकत घेणे, वाहून नेणे, सेवन करणे हे सारे वैद्यकीय व वैज्ञानिक कारण आणि रीतसर परवाना यांखेरीज निषिद्ध आहे. तेथे ग्रॅमचा उल्लेख नाही. ग्रॅम येतात ते पुढे, शिक्षा ठरवताना. केंद्र सरकारच्या १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेने प्रत्येक पदार्थाचे ‘अल्प प्रमाण’ आणि ‘व्यापारी प्रमाण’ निश्चित केले. गांजासाठी अल्प प्रमाण एक किलो आणि व्यापारी प्रमाण वीस किलो. चरससाठी अल्प प्रमाण शंभर ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण एक किलो. अल्प प्रमाण सापडले तर एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१४ च्या दुरुस्तीपूर्वी ही कमाल मुदत सहा महिने होती. ती वाढली आहे, घटलेली नाही. अल्पाहून अधिक पण व्यापारी प्रमाणाहून कमी असेल तर दहा वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाण असेल तर किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, दंड एक ते दोन लाख, आणि जामीन मिळणे अतिशय दुरापास्त. केवळ सेवन सिद्ध झाले तरी गांजाच्या बाबतीत कलम २७ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणजे एक किलो हा मुभेचा आकडा नाही. तो शिक्षेच्या जिन्याची पहिली पायरी आहे. चोरी लहान असेल तर शिक्षा लहान, पण म्हणून कोणी असे म्हणत नाही की एवढ्या रकमेपर्यंत चोरीला परवानगी आहे.

आणखी काही गोष्टी मुलांना ठाऊक नसतात. गच्चीवरील कुंडीत एक रोपटे लावले तर त्याला ‘अल्प प्रमाण’ लागूच होत नाही. लागवडीसाठी शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. ‘ताबा’ म्हणजे केवळ खिसा नव्हे. दुचाकीची डिकी, कपाट, भाड्याच्या खोलीतील गादीखालची जागा, जेथे वस्तू आपल्या माहितीने आणि आपल्या नियंत्रणात आहे ते सर्व त्यात येते. आणि वस्तू ताब्यात सापडली हे सिद्ध झाले की, ‘मला ठाऊक नव्हते’ हे पटवून देण्याचा भार या कायद्याने आरोपीवर टाकला आहे. जो आपले घर किंवा वाहन जाणूनबुजून अशा कामासाठी वापरू देतो, त्याच्यासाठी कलम २५ आहे, आणि त्याची शिक्षा मूळ गुन्ह्याएवढीच आहे. भांगेचा विषय थोडा वेगळा आहे. या केंद्रीय कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेवरही नियंत्रण ठेवतो, हे पानांच्या आधारे युक्तिवाद करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता त्या युवकाचा पुढचा युक्तिवाद. त्याने वाचन केलेले होते आणि ते मला आवडले. तो म्हणाला, इंग्रजांनीच १८९३-९४ मध्ये भांग-गांजाची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला होता, आणि त्या आयोगाने बेताचे सेवन अपायकारक नाही असा निष्कर्ष काढून बंदी नको म्हटले होते. हे खरे आहे. आपले नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते, त्याच प्रांतात खंडव्याकडे परवान्याने गांजाची शेती होत असे आणि सरकार त्यावर कर घेत असे. तो पुढे म्हणाला, आज कॅनडात २०१८ पासून प्रौढ व्यक्ती तीस ग्रॅमपर्यंत उघड बाळगू शकते, जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून पंचवीस ग्रॅमपर्यंत. तेही खरे आहे. टोरंटोत किंवा बर्लिनमध्ये आपली मुले शिकत आहेत, नोकरी करीत आहेत, आणि त्यांच्या घरी फोनवरून हाच प्रश्न येतो : येथे कायदेशीर आहे, मग हरकत काय?

या युक्तिवादातच त्याचे उत्तर आहे. जी गोष्ट १८९४ मध्ये करपात्र व्यापार होती ती १९८५ मध्ये गुन्हा झाली. जी नागपुरात गुन्हा आहे ती टोरंटोत दुकानात मिळते. माणसांनी आखलेली रेषा काळ आणि सीमा ओलांडताना सरकते. तिने सरकावे, तिचे ते स्वरूपच आहे. संसद उद्या आणखी कठोर होईल किंवा सौम्य होईल. श्रद्धावंताने आपली हलाल-हरामची मोजपट्टी या सरकत्या रेषेला बांधली, तर विमानात बसताना त्याचा धर्म एक असेल आणि उतरताना दुसरा.

दिव्य कुरआनाने सूरह अल-माइदाच्या ९० व ९१ व्या आयतींत मद्य, जुगार यांना सैतानाचे घाणेरडे कृत्य ठरवून त्यांपासून दूर राहण्याची आज्ञा दिली, आणि कारणही सांगितले : सैतान यांच्याद्वारे तुमच्यात वैर पेरू इच्छितो आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू इच्छितो. काही जण म्हणतात, तेथे दारूचा उल्लेख आहे, गांजाचा नाही. याचे उत्तर माननीय उमर (रजि.) यांनी मिंबरवरून दिले आहे, आणि ते सहीह बुखारीत आहे : जे बुद्धीला झाकून टाकते ते ‘खम्र’ होय. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी प्रत्येक मादक वस्तू खम्र आहे आणि प्रत्येक मादक वस्तू हराम आहे असे सांगितल्याचे सहीह मुस्लिममध्ये आहे. वनस्पती कोणती, ती प्यायची की ओढायची, हा प्रश्नच उरत नाही. सातव्या-आठव्या हिजरी शतकात हशीशचा प्रसार झाला तेव्हा इमाम इब्ने तैमियांनी तिच्या निषिद्धतेचा स्पष्ट निर्णय दिला आणि इमाम जरकशींनी तर या एकाच विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणजे आपल्या मुलांनी काढलेली ही शंका निदान सातशे वर्षे जुनी आहे.

आणि आता ‘अल्प प्रमाणा’कडे या. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी माननीय जाबिर (रजि.) यांच्या हवाल्याने प्रेषितांचा जो आदेश नोंदवला आहे त्याचा आशय असा की, ज्या वस्तूची अधिक मात्रा नशा आणते तिची थोडी मात्राही हराम आहे. कायद्याच्या पुस्तकात एक किलो, शंभर ग्रॅम, वीस किलो अशी कोष्टके आहेत. शरीअतच्या या वाक्यात कोष्टकच नाही. याचे मर्म मला असे वाटते. कायदा समाजाची झालेली हानी मोजतो, म्हणून त्याला तराजू लागतो. शरीअत बुद्धीचे रक्षण करू पाहते, आणि बुद्धी तोळ्या-माशाने जात नाही; पहिल्या झुरक्याला जी दिशा मिळते तिकडेच ती जाते. धर्म, प्राण, बुद्धी, संतती आणि संपत्ती या पाच गोष्टींचे रक्षण हे शरीअतचे उद्दिष्ट असल्याचे आमच्या उलेमांनी सांगितले आहे. त्यांपैकी बुद्धी गेली की बाकीच्या चारही कशा जातात, हे व्यसनी मुलाच्या घरात एक महिना राहून पाहावे. (डॉक्टरांच्या सल्ल्याने, अन्य पर्याय नसताना, औषध म्हणून घेतल्या जाणाऱ्या द्रव्यांचा प्रश्न निराळा आहे, तेथे निकडीचा नियम लागू होतो आणि त्यासाठी जाणकार मुफ्तींना विचारावे.)

मराठीचा विद्यार्थी म्हणून एका शब्दाकडे येथे लक्ष वेधल्याशिवाय राहवत नाही. मराठीत ‘अंमल’ म्हणजे सत्ता, आणि ‘अंमल’ म्हणजे नशाही. मराठ्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल, आणि दारूचा अंमल चढला. ‘अमली पदार्थ’ त्यातूनच आले. मूळ शब्द अरबी, ‘अमल’, म्हणजे कृती, कर्म. ज्या शब्दाने आपण कयामतच्या दिवशी तोलली जाणारी कर्मे ओळखतो, तोच शब्द मराठीत येऊन राज्य करण्यासाठी आणि नशेसाठी वापरला गेला. भाषेने नकळत किती अचूक निदान केले आहे! नशा म्हणजे बुद्धीच्या राज्यातील सत्तांतर. ज्या मनावर अल्लाहचा अंमल असावयास हवा तेथे एका पुडीचा अंमल बसतो, आणि मग हातून होणारे ‘अमल’ कोणाच्या हुकुमाने होतात हे सांगणे नको.

काही ठिकाणी मलंगांच्या चिलमीला फकिरीचे नाव दिले जाते आणि भोळे लोक तिला बरकत समजतात. जे वली रात्रीच्या नमाजसाठी झोप सोडत, त्यांच्या नावावर शुद्ध हरपण्याचे साधन खपवले जाते, याहून मोठा अन्याय त्यांच्यावर कोणता?

नागपूरविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपले शहर देशाच्या मध्यभागी आहे. ओडिशा आणि आंध्रकडून दिल्ली व मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या येथून जातात. रेल्वे स्थानकावर बेवारस बॅगांत गांजा सापडल्याच्या बातम्या आपण इतक्या वेळा वाचतो की आता त्या वाचून कोणी दचकत नाही. नागपूर पोलिसांनी ‘ऑपरेशन थंडर’ या नावाने मोहीम चालवली, ती या पार्श्वभूमीवर. या वाहतुकीत जो पकडला जातो तो बहुधा मालक नसतो. तो एखाद्या वस्तीतील मुलगा असतो, ज्याला सांगितलेले असते : ही बॅग फक्त अमुक स्थानकापर्यंत पोहोचव, इतके पैसे घे, आत काय आहे ते विचारू नकोस. त्या बॅगेत वीस किलोहून अधिक माल असेल तर त्या मुलाच्या आयुष्यातील किमान दहा वर्षे त्यात बांधलेली असतात. मालकाचे नावही त्याला ठाऊक नसते. आणि मुलगा अठरा वर्षांखालील असेल, तर त्याच्याकडून असा माल वाहून घेणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आहे. पालकांनी हे कलम लक्षात ठेवावे आणि अशी माणसे वस्तीत दिसल्यास गप्प बसू नये.

‘मी ओढत नाही, मी फक्त पोहोचवतो’ ही सबब धर्मातही चालत नाही. तिर्मिजीच्या हदीसमध्ये मद्याच्या संदर्भात दहा जणांवर धिक्कार आला आहे. त्यांत पिणारा आहेच, पण काढणारा, विकणारा, विकत घेणारा, त्याची किंमत खाणारा, वाहून नेणारा आणि ज्याच्याकडे वाहून नेले जाते तोही आहे. वाहणाऱ्याला पिणाऱ्याच्या रांगेत उभे केले आहे, हे त्या मुलांना कोणी सांगितलेले नसते. आणि पानठेल्यावर खर्ऱ्यासोबत ‘गोगो’चे कागद लटकवून ठेवणाऱ्या माझ्या बांधवांनी एकदा स्वतःला विचारावे की, तो कागद ते कोणत्या उपयोगासाठी विकतात. त्या पाच-दहा रुपयांनी आलेले दूध घरातील मुलांच्या पोटात जाते.

येथवर जे लिहिले ते वाचून काही बंधू मान डोलावतील आणि म्हणतील, बरोबर आहे, अशांना वस्तीतून हाकलले पाहिजे. त्यांच्यासाठी पुढचे लिहितो, आणि माझ्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे.

विकणारा आणि अडकलेला यांत फरक आहे. विकणाऱ्याला झाकणे म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाला विष देण्यात वाटेकरी होणे. अडकलेल्याला मात्र उघडे पाडणे हे सुन्नत नाही. सहीह बुखारीत एका माणसाचा प्रसंग आहे. तो प्रेषितांना हसवीत असे, आणि मद्यपानासाठी त्याला पुनःपुन्हा आणले जाई. एकदा उपस्थितांपैकी कोणी त्याला शाप दिला, की किती वेळा हा आणला जातो! प्रेषितांनी त्याला शाप देण्यास मनाई केली आणि सांगितले की, हा अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो. शिक्षा माफ झाली नाही. पण प्रेमाची साक्षही नाकारली गेली नाही. न्याय आणि जिव्हाळा एकाच मजलिसीत उभे होते.

इब्ने कसीर यांनी सूरह गाफिरच्या भाष्यात माननीय उमर (रजि.) यांची जी घटना नोंदवली आहे ती तर प्रत्येक मस्जिदीच्या समितीने वाचावी. शामचा एक माणूस उमर (रजि.) यांच्याकडे येत असे. काही दिवस तो दिसला नाही म्हणून त्यांनी चौकशी केली. प्रथम हे लक्षात घ्या की, खलिफांना एका माणसाची अनुपस्थिती जाणवली. आपल्या पहिल्या सफमधून एखादा मुलगा महिनाभर नाहीसा होतो आणि आपल्याला कळत नाही. लोक म्हणाले, तो मद्याच्या नादी लागला. उमर (रजि.) यांनी शिपाई पाठवले नाहीत. लेखनिकाला बोलावून पत्र लिहविले : सलाम, अल्लाहची स्तुती, आणि सूरह गाफिरच्या प्रारंभीच्या त्या आयती, ज्यांत अल्लाह पाप क्षमा करणारा, तौबा स्वीकारणारा आणि कठोर शिक्षा करणाराही आहे असे एकाच ओळीत आले आहे. मग सोबत्यांना सांगितले, आपल्या भावासाठी दुआ करा. त्या माणसाने पत्र पुनःपुन्हा वाचले, तो रडला, आणि त्याने ते सोडले. ही बातमी आली तेव्हा उमर (रजि.) यांनी लोकांना शिकवण दिली की, भाऊ घसरलेला दिसला तर त्याला सावरा, त्याच्यासाठी दुआ करा, आणि त्याच्याविरुद्ध सैतानाचे साहाय्यक होऊ नका.

आश्चर्य म्हणजे, ज्या कायद्याला आपण केवळ कठोर समजतो त्यानेही असे एक दार ठेवले आहे. कलम ६४-अ असे सांगते की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासकीय अथवा शासनमान्य रुग्णालयात किंवा केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घेण्यास पुढे आली आणि तिने ते घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालवला जाणार नाही. ‘अल्प प्रमाण’ या शब्दांचा एखाद्या कुटुंबाला खरा उपयोग असेल तर तो हा आहे. मुले ज्याला ओढण्याची मुभा समजतात ती वस्तुतः परतण्याची मुभा आहे. परंतु उपचार अर्ध्यावर सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते, आणि आपल्याकडे नेमके तेथेच घोडे अडते. पंधरा दिवसांनी मुलगा बरा दिसू लागतो, अम्मी म्हणते झाले आता, अब्बू त्याला दुकानावर बसवतात, आणि उरलेल्या तारखा राहून जातात.

त्या मातेला मी हेच सांगितले. पुडी कपाटात लपवून ठेवल्याने मुलाची लाज राहत नाही. उलट कपाट तुमचे असल्याने प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. मुलाला पकडले असेल तर घाबरून दलालांना पैसे देऊ नका. झडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर व्हावी, अशी मागणी करण्याचा हक्क अंगझडतीच्या वेळी कलम ५० ने दिला आहे. कोठडीत असलेल्या व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. आणि पकडले नसेल तर त्याची वाट पाहू नका. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे मुलाचे नाव विचारून कोणी घरी पोलीस पाठवत नाही. जवळचे शासनमान्य केंद्र कोणते ते विचारा, आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागद जपून ठेवा.

मस्जिदीच्या समित्यांना एक विनंती आहे. अशा मुलासोबत उपचाराच्या प्रत्येक तारखेला जाण्यासाठी एक माणूस ठरवून द्या. वडील रागात असतात, आई थकलेली असते. मामू, थोरला भाईजान, शेजारचे निवृत्त मास्तर, कोणीही चालेल, फक्त त्याने मुलाला रस्त्यात उपदेश करू नये. तारीख जुमाच्या दिवशी आली तर डॉक्टरांकडे सकाळची वेळ मागून घ्यावी आणि परतताना त्याला सोबत मस्जिदीत आणावे. सफमध्ये त्याच्यासाठी जागा करताना कोणी वळून पाहणार नाही एवढे इमामांनी आधीच्या जुमाला सांगून ठेवावे.